जंतूंचे डाव, शरीराचे पेच

बाळ जन्मले की पाचव्या दिवशी आपल्याकडे पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर तेवत ठेवायचा. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. ‘हे तर आमच्या पाचवीलाच पुजलेलं’ असे आपण म्हणतो ते यावरूनच. जुन्या बायका त्या रात्री जागत आणि बाळाला नजरेआड होऊ देत नसत.

त्या जागरणात धास्ती होती आणि धास्तीला कारणही होते. चांगले रडणारे, अंगावर पिणारे बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत ठणठणीत असे. मग त्याला दूध ओढता येईनासे होई. जबडा आवळला जाई, अंग धनुष्यासारखे ताठ होई, नुसत्या स्पर्शाने किंवा आवाजाने झटके येत आणि बघता बघता बाळ हातचे जाई. हा नवजात बाळाचा धनुर्वात. पाचवीची पूजा यातूनच सुरू झाली, असे मी म्हणणार नाही. पण दिवस जुळतात, एवढे खरे.

घरच्यांना वाटे, सटवाईने तेवढेच आयुष्य लिहिले होते. प्रत्यक्षात ते लिहिले होते नाळ कापणाऱ्या विळ्याने, आणि नाळेवर लावलेल्या शेणाने-राखेने. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतो. आज नव्या डॉक्टरांपैकी अनेकांनी असे बाळ डोळ्यांनी पाहिलेलेही नाही. २०१५ साली माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. हे काही महागड्या यंत्राने झालेले नाही. आईला लस, स्वच्छ हात, स्वच्छ ब्लेड, नाळेला स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, एवढ्यावर ते झाले.

जंतूंमुळे आजार होतात हे शाळेतले मूलही सांगेल. पण ते नेमके काय करतात, हे फारसे कुणी विचारत नाही. म्हणूनच ओपीडीत सर्दीला, जुलाबाला, तापाला आणि खोकल्याला एकच मागणी असते : ‘डॉक्टर, एक इंजेक्शन ठोका, नाहीतर सलाईन लावा.’ कुस्तीच्या फडात प्रत्येक डावाला वेगळा पेच लागतो. जंतूंचेही तसेच आहे. समोरच्याचा डाव ओळखला, तर काय करायचे आणि काय करायचे नाही, हे आपोआप कळते.

वेशीवरची राखण

आधी एक गैरसमज दूर करू. बहुतेक सूक्ष्मजीव आपले वैरी नाहीत. दुधाला विरजण लावतो तेव्हा आपण जिवंत जीवाणूच कामाला लावत असतो. आपल्या आतड्यांत आणि त्वचेवर मिळून जेवढे जीवाणू राहतात, त्यांची संख्या आपल्या शरीरातील पेशींच्या संख्येच्या जवळपास जाते. ते जागा अडवून बसलेले असतात, त्यामुळे उपद्रवी जंतूंना सहज शिरकाव मिळत नाही.

शिवाय शरीराला तटबंदी आहे. अखंड त्वचा हा पहिला तट. डोळ्यांतल्या पाण्यात आणि लाळेत जीवाणूंचे कवच फोडणारा पदार्थ असतो. नाकातला शेंबूड धूळ आणि जंतू धरून ठेवतो, श्वासनलिकेतील बारीक केसांसारखे तंतू तो घाण सतत वर ढकलतात आणि खोकून आपण ती बाहेर टाकतो. अन्नातून आलेल्या जंतूंची पोटातल्या आम्लाशी गाठ पडते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेतले हे तंतू लुळे पडतात. त्याला वारंवार छातीचे विकार होतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

तट फुटला तर काय होते, हे शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि गरम लागते. ही जंतूंची करामत कमी आणि आपल्या फौजेची धावपळ जास्त असते. त्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तातील पांढऱ्या पेशी तिथे उतरतात आणि जंतूंना गिळायला लागतात. पू म्हणजे बहुतांशी या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशी. पायाच्या जखमेने जांघेत गाठ येते, जुनी माणसे तिला ‘अवधाण आली’ म्हणतात. ती गाठ म्हणजे फौजेचे ठाणे आहे. पकडलेल्या जंतूचे तुकडे तिथे आणून दाखवले जातात आणि त्या जंतूविरुद्ध नेमके हत्यार कुठल्या पेशीकडे आहे, याचा शोध तिथे चालतो.

तापही बहुधा शरीरानेच मुद्दाम चढवलेला असतो. पांढऱ्या पेशींनी सोडलेले रासायनिक निरोप मेंदूपर्यंत पोहोचतात आणि मेंदू शरीराचे तापमान वर नेतो. वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी जास्त चपळ होतात. म्हणून ताप हा शत्रू नव्हे, लढाई सुरू असल्याची ती खूण आहे. लढाई कुणाशी आहे, ते मात्र शोधावे लागते.

पहिला डाव : विष

धनुर्वाताचा जंतू शरीरभर पसरत नाही. तो जखमेतच राहतो. खोल, अरुंद, हवा न पोहोचणारी जखम त्याला हवी असते. तिथे वर्षानुवर्षे मातीत सुप्त पडून राहिलेले त्याचे बीजाणू जागे होतात आणि विष तयार करू लागतात. हे विष मज्जातंतूंच्या वाटेने मज्जारज्जूत पोहोचते. आपल्या स्नायूंना ‘आवळ’ सांगणारे संदेश जसे असतात, तसे ‘थांब’ सांगणारेही असतात. धनुर्वाताचे विष फक्त ‘थांब’ हा संदेश बंद पाडते. ब्रेक निकामी झालेल्या गाडीसारखे स्नायू आवळतच राहतात.

यातली सर्वांत चकवणारी गोष्ट पुढे आहे. बऱ्याच आजारांतून उठलेल्या माणसाला तो आजार सहसा पुन्हा होत नाही. धनुर्वात मात्र त्याला पुन्हा होऊ शकतो. कारण हे विष इतके जहाल आहे, की माणसाचा जीव घ्यायला लागणारी त्याची मात्रा ही शरीराच्या फौजेने दखल घ्यावी एवढीसुद्धा नसते. शरीर लढायला शिकण्याआधीच लढाई संपलेली असते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस द्यावी लागते.

लसीत हेच विष निर्विष करून दिलेले असते. त्याचा आकार तोच, पण दात पाडलेले. ते पुरेशा मात्रेत दिसले की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. रक्तातील या पदार्थांमध्ये विष निकामी करण्याची ताकद असते, हे जर्मनीत काम करणाऱ्या एमिल फॉन बेरिंग आणि जपानचे शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० साली दाखवून दिले. गरोदर आईला लस दिली की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत जातात आणि जन्मानंतरचे पहिले काही आठवडे बाळाला आईची ढाल मिळते. सटवाईच्या लेखणीच्या आधी आईनेच बाळाच्या रक्तात काही लिहून ठेवलेले असते, असे म्हणा हवे तर.

दुसरा डाव : तोटी उघडी

पटकी म्हणजे कॉलरा. या जंतूने गावेच्या गावे ओस पाडली. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीच्या जंतूवर संशोधन केले, पण तो माणसाला नेमका मारतो कसा, हे पुढे ७५ वर्षे उलगडले नव्हते. ते १९५९ मध्ये कोलकात्याच्याच डॉ. शंभूनाथ डे यांनी उलगडले. सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून त्यात त्यांनी जंतू वाढवलेला, पण जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. जंतू नसतानाही तो भाग पाण्याने टम्म फुगला. म्हणजे काम जंतूच्या विषाचे होते.

हे विष आतड्याच्या पेशी मारत नाही. ते पेशींमधली क्षार बाहेर सोडणारी तोटी उघडी करून ठेवते. क्षारामागे पाणी येते. तीव्र पटकीत मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते. रोगी मरतो तो पाणी आणि क्षार संपून. जुलाबाच्या इतर अनेक जंतूंच्या बाबतीतही मुलांचा जीव जातो तो मुख्यतः याच वाटेने.

इथेच शरीराचा एक गुप्त दरवाजा कामी येतो. बाहेर सोडणारी तोटी उघडी असली, तरी आत घेणारी एक वाट शाबूत असते. ती साखर आणि मीठ दोन्ही सोबत असतील तरच उघडते आणि त्यांच्याबरोबर पाणी आत येते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, नुसते मीठही चालत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पुडी पाण्यात कालवून रोग्यांना पाजायला लावली. पाजत होते ते रोग्यांचे नातेवाईकच. सुमारे ३० टक्के असलेला मृत्यूचा दर चार टक्क्यांच्या खाली आला. ओआरएस म्हणतात ती हीच पुडी.

साधारण त्याच काळात आपल्या जिल्ह्यातही एक मोठे काम उभे राहत होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लगेच ७२चा दुष्काळ आला. पाणी नाही, धान्य नाही, आणि मुले जुलाब, गोवर, धनुर्वाताने जात होती. प्रकल्पाच्या नोंदींनुसार सुरुवातीला जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. आरोळे दांपत्याने गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यातल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी दलित समाजातल्या होत्या. स्वच्छ बाळंतपण, लसीकरण, मीठ-साखर-पाणी, कुपोषित मुलाचे वजन आणि खाणे, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे या गोष्टी त्या शिकल्या आणि त्यांनी त्या घरोघर नेल्या. पुढच्या दोन दशकांत त्या गावांतला बालमृत्यूचा दर सुरुवातीच्या एक तृतीयांशाहूनही खाली गेला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावात आशाताई दिसते, त्या कल्पनेची मुळे ज्या थोड्या ठिकाणी सापडतात, त्यात आपले जामखेड आहे.

मला जामखेडचे महत्त्व पुरस्काराहून वेगळ्या कारणाने वाटते. जंतूचा डाव समजायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही, हे तिथल्या बायकांनी दाखवून दिले. बाळाला जुलाब लागले की दूध-पाणी बंद करायचे, ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आलेली होती. ‘गळक्या घागरीत पाणी ओतायचं थांबवलं तर घागर रिकामीच होणार’ हे जिला पटले, तिने बाळ वाचवले.

घरी ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका. दर जुलाबानंतर थोडे थोडे पाजत राहा, अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालू ठेवा. मुलांना सोबत १४ दिवस झिंकच्या गोळ्या द्यायच्या असतात. त्या आशाताईकडे मिळतात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, शौचातून रक्त पडले, किंवा काहीच पोटात ठरेना, तर घरी थांबू नका.

तिसरा डाव : रखवालदाराच्याच घरात

क्षयाचा जंतू वेगळाच आहे. तो विष सोडत नाही आणि त्याला घाईही नाही. आतड्यातला साधा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एकाचे सात तासांत वीस लाखांवर जातात. क्षयाच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला वीसेक तास लागतात. फुप्फुसात शिरला की आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. इथवर सगळे ठरल्याप्रमाणे होते. पण गिळल्यावर त्याच्यावर पाचक रस ओतण्याची जी प्रक्रिया असते, ती तो आतून अडवतो आणि पहारेकऱ्याच्याच घरात बिऱ्हाड थाटतो.

शरीरही मग पेच बदलते. जंतू मारता येत नाही, तर त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधून त्याला कोंडून ठेवते. क्षयाचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांत मात्र भिंत कधीतरी ढासळते. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू आणि दारू ही भिंत पाडणारी कारणे आहेत. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्षयरोग्यांच्या घरच्यांना कडधान्यासह शिधा दिला, तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. उपाशी पोटी फौज लढत नाही, ही म्हण नाही, हे मोजून पाहिलेले सत्य आहे.

जंतू हळू वाढतो आणि लपून बसतो, म्हणून औषधही दीर्घकाळ लागते, साध्या क्षयाला सहा महिने. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, भूक लागते आणि गोळ्या बंद होतात. तेव्हा उरलेले असतात ते सर्वांत चिवट जंतू. पुन्हा उलटलेला क्षय अनेकदा नेहमीच्या औषधांना दाद देत नाही आणि घरातल्यांनाही तोच चिवट जंतू मिळतो.

पाथर्डी, जामखेड, शेवगाव या भागांत हा प्रश्न कोयत्याशी जोडलेला आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे बाहेर पडतात, ती पट्टा पडल्यावरच परततात. उपचार अर्ध्यावर असतानाच गाव सुटते. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढतात, औषधाची पाकिटे मात्र उतरंडीमागे राहतात. अशा घरांना माझे कळकळीचे सांगणे आहे : क्षयाच्या प्रत्येक रोग्याची ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत नोंद असते. तो क्रमांक जवळ ठेवा आणि निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात उपचार पुढे चालू राहू शकतात. तपासणी आणि औषधे मोफत आहेत, पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन यातले काही असेल तर ते अंगावर काढू नका, थुंकी तपासून घ्या.

चौथा डाव : आपलीच फौज आपल्यावर

काही आजारांत नुकसान जंतूपेक्षा आपल्या प्रतिकारानेच जास्त होते. कुष्ठरोग हे त्याचे जुने उदाहरण. जंतू एकच, पण ज्याच्या पेशी त्याच्याशी जोमाने लढतात त्याच्या अंगावर एखाद-दुसरा बधिर चट्टा उठतो, आणि ज्याच्या पेशी ढिल्या पडतात त्याच्या त्वचेत जंतूंचे रान माजते. जोमाच्या लढाईतही मज्जातंतू मधे सापडून जायबंदी होतात. म्हणून ‘चट्टा आहे पण दुखत नाही’ हे दिलाशाचे कारण नव्हे, दवाखान्यात येण्याचे कारण आहे. लवकर सुरू केलेल्या गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो.

डेंग्यूचे चार प्रकारचे विषाणू आहेत. एकाचा डेंग्यू होऊन गेला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे कायम राहतात. पण पुढे दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू झाला, तर ही जुनी प्रतिपिंडे नव्या विषाणूला धरतात, पण मारू शकत नाहीत. उलट त्याला पेशींत शिरायला मदत करतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त धोक्याचा असू शकतो. त्यातला कठीण काळ ताप उतरताना येतो. घरचे म्हणतात, ‘ताप गेला, बरं वाटेल’, आणि त्याच वेळी रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू लागते. पोटात कळा, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर तडक रुग्णालय गाठा. डेंग्यूची शंका असताना तापाला पॅरासिटामॉलच घ्या. अंगदुखीच्या इतर गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून टाक्या, पिंप, रांजण भरून ठेवावे लागतात. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यातून डास व्हायला आठवडाभर लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, कडा घासून कोरडी करायची. हा ‘कोरडा दिवस’ पाळणे फवारणीची वाट पाहण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

प्रतिजैविक कुठे चालते, कुठे चालत नाही

पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, जीवाणूची भिंत किंवा त्याची प्रथिने बनवणारी यंत्रणा मोडतात. विषाणूला भिंतच नसते, स्वतःची यंत्रणाही नसते. तो आपल्या पेशीत शिरून आपलाच कारखाना वापरतो. म्हणून सर्दी, बहुतेक घसादुखी, फ्लू, डेंग्यू यांवर प्रतिजैविकाचा काही उपयोग नाही. चार दिवसांत सर्दी बरी होते, ती तशीही होणारच होती. श्रेय मात्र गोळीला मिळते.

तोटा दुहेरी होतो. आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, आणि कोट्यवधींमध्ये एखादा औषधाला न जुमानणारा जीवाणू असेल तर त्याला मोकळे रान मिळते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला होता. आज प्रसूतीनंतरचा ताप, भाजलेल्याची जखम, नवजात बाळाचा जंतुसंसर्ग यांत पूर्वी हमखास चालणारी औषधे चालेनाशी झालेली आम्ही पाहतो. सर्दीला वाया घालवलेली गोळी दुसऱ्या कुणाच्या बाळाच्या वेळी कमी पडते. म्हणून दुकानातून स्वतःहून प्रतिजैविक घेऊ नका, शेजाऱ्याची उरलेली चिठ्ठी वापरू नका, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवस पूर्ण करा. इंजेक्शन न देता पाठवणारा डॉक्टर नेहमीच हात राखून वागत असतो, असेही समजू नका.

तालीम : लस

शरीराची फौज एकदा लढली की काही पेशी त्या लढाईची आठवण जपून ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला की पहिल्या वेळी जिथे आठवडा-दोन आठवडे लागले, तिथे काही दिवसांतच जोरदार प्रतिकार उभा राहतो. लस म्हणजे खऱ्या कुस्तीआधीची तालीम. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात जंतू उष्णतेने मारून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने आहे.

गोवराचे उदाहरण मी पालकांना आवर्जून सांगतो. ‘गोवर सगळ्यांनाच येतो’ म्हणून लस टाळणारे अजूनही भेटतात. पण गोवराचा विषाणू आठवण जपणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोवर झालेल्या मुलांच्या रक्तातील इतर आजारांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. गोवर निघून जातो आणि मागे न्यूमोनिया, जुलाब यांना दार उघडे करून जातो. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, असे दोन डोस यासाठीच आहेत. ऊसतोडीच्या कोप्यांवर राहणाऱ्या मुलांचे हे डोस सर्वांत जास्त चुकतात. लसीकरणाचे कार्ड कोयत्याइतकेच आठवणीने सोबत न्यावे. डोस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतो.

धनुर्वाताची लस बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंटमध्ये असते. दीड आणि पाच वर्षांना बूस्टर, पुढे दहा आणि सोळा वर्षांना पुन्हा. हे डोस बहुतेकांना ठाऊक नसतात. शेतात विळा लागला, खिळा रुतला तर जखम आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. तिच्यावर माती, हळद, चुना, शेण काही भरू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. मधुमेह असेल तर पायाची छोटी जखमही मोठी समजा, कारण वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात.

जंतू आपल्या आधी या पृथ्वीवर होते आणि आपल्यानंतरही राहतील. ते संपवण्याची भाषा करण्यात अर्थ नाही. पण पाचवीच्या रात्री आई कशाला घाबरत होती, हे आज आपल्याला माहीत आहे आणि त्यावर उपायही गावातच आहे. या आठवड्यात आपल्या घरातली दोन कार्डे शोधून काढा, मुलाच्या लसीकरणाचे आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिचे. एखादा डोस राहिला असेल तर आशाताईला विचारा. राहिलेला डोस उशिरा का होईना घेता येतो.